रेंज गेली, हजेरी गेली

‘आवाज येतोय का?’ हे आजवर सर्वांत जास्त वेळा शिकवलं गेलेलं मराठी वाक्य आहे, असं माझं ठाम मत आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि गुरुजी मोबाइलमध्ये जाऊन बसले. तेव्हा कुणाचं गणित कच्चं राहिलं असेल, कुणाचा इतिहास. पण हे वाक्य बालवाडीपासून बी. कॉम.पर्यंत साऱ्यांचं तोंडपाठ झालं. आता शाळा भरतात, तरी शिकवण्यांचे ऑनलाइन तास काही हटलेले नाहीत, आणि ते वाक्यही नाही.

माझं भांडण रेंजशी नाही. आमच्या देहूरोडात ती खिडकीपर्यंत येते, माजघरात यायला लाजते. वीज जायची ती गुरुवारी. पुण्याकडे दुरुस्तीचा वारच तो. यंत्र म्हटलं की बिघडणारच. माझं भांडण आहे बिघाडानंतरच्या न्यायाशी. तार तुटते खांबावर आणि गैरहजेरी लागते पोराच्या नावावर!

आम्ही बँकवाले. ‘लिंक’ गेली की काउंटरपलीकडून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. तो आम्ही पगारात धरलेला आहे. पण लिंक गेली म्हणून आम्ही कुणाच्या खात्यावर शून्य शिल्लक मांडत नाही. लोणावळा लोकल बेगडेवाडीला अडकली, तर आतल्या प्रवाशाला कुणी विनातिकीट ठरवत नाही. मग एका फोनवर दोन भावंडं, त्यातच बापाला कामाचे फोन, अशा घरातलं पोर मधेच दिसेनासं झालं, तर त्याचं लगेच ‘अभ्यासात लक्ष नाही’ कसं होतं?

यावर उत्तर तयार असतं : ‘अहो, पोरं मुद्दाम रेंज घालवतात!’ घालवतात की. आमच्या वेळी पोट दुखायचं. पण एकाचं पोट खोटं दुखलं म्हणून गावचा दवाखाना कुणी बंद करत नाही.

बरं, उपाय काही अवघड नाहीत. डेटा खातं ते चित्र. आवाज बिचारा अल्पाहारी. तेव्हा तास अडखळू लागला की आधी कॅमेरे बंद. एका खोलीत दोन फोन चालू असले की एकाचा आवाज दुसऱ्यात शिरून घुमतो. एकाचं तोंड आणि कान दोन्ही मिटा. दोन मिनिटांत जमलं नाही, तर पुस्तकाचं पान सांगून मोकळं व्हा आणि संध्याकाळी पाच मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवा. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, तेव्हा इंटरनेटवाचून धडे पोचलेच ना? दुसरी वाट आधीच आखलेली हवी, एवढंच.

आणि ती आखणं हे एकट्या मास्तरांचं काम नव्हे. भूगोलाच्या बाईंनी वायरमनही व्हावं, ही अपेक्षा बाळगणाऱ्या संचालकांनी फीच्या पावतीमागे अकरा नियम छापलेलेच असतात. त्यांत बारावा घालावा : हजेरीपटात ‘ह’ आणि ‘गै’च्या जोडीला ‘रें’ असं तिसरं अक्षर राहील. ‘रें’ म्हणजे रेंज नव्हती. या पोराला आजचा धडा अजून द्यायचा आहे.

आमच्या वाणिज्य शाखेत अशा रकमेला ‘देणे’ म्हणतात. ती ज्याची द्यायची त्याच्याच नावावर कर्ज म्हणून टाकत नसतात.