गच्चीवरचं विमान

मंडळी, हूराच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरणाऱ्यांना समोर मुहर्रकला उतरणाऱ्या विमानांचं अप्रूप राहिलेलं नाही. पण विमान घरी बांधता येतं म्हटलं, की मुलं हसतात. मग कुणीतरी मोठं माणूस शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव काढतं: १८९५ साल, चौपाटी, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी!

ही गोष्ट आता आपली मुलंही वर्गात सांगतात, म्हणून स्पष्ट बोलतो. तळपदे खरे होते, त्यांचा ध्यासही खरा होता. पण त्यांचं विमान उडाल्याचा त्या काळातला भक्कम पुरावा मिळत नाही. त्यांच्याशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची छाननी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष.

वाईट वाटून घेऊ नका. मुलांना सांगायला आपल्याकडे याहून चांगली गोष्ट आहे.

मूळचे सातारा जिल्ह्यातले वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत, चारकोपच्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. आधीचे प्रयत्न फसले होते. हे तिसरं, म्हणून नाव टीएसी-००३. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते गच्चीवरून खाली उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवलं, तेव्हा लोक थक्क झाले. पण नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं, उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला आणि धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी झाली ती २०२० मध्ये.

यात सरकारी दिरंगाई होतीच. पण तपासणी हवीच, हेही तितकंच खरं. विमान साठ अंश कलून, उंची न सोडता वळतं, तेव्हा पंखांवरचा भार दुप्पट होतो. सत्तर किलोचा प्रवासी एकशे चाळीस किलोचा होतो म्हणा ना! म्हणून घरी विमान बांधणारे पंख उलटा ठेवून त्यावर वाळूच्या गोण्या रचतात. मोडायचाच असेल, तर तो जमिनीवर मोडलेला बरा.

अमेरिकेत १९५३ पासून अशा हौशी लोकांची मोठी संघटना आहे. तिथला नियम असा, की विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं असावं, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी. मग सरकारी तपासणी, आणि त्यानंतरही साधारणपणे २५ किंवा ४० तास ठरलेल्या हद्दीतच चाचणीची उड्डाणं. ‘एक्सपेरिमेंटल’ हा शब्द विमानावर ठळक लिहावा लागतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

चौपाटीच्या गोष्टीवर विश्वास ठेवावा लागतो. गच्चीवरच्या विमानाला नोंदणी क्रमांक आहे: व्हीटी-एनएमडी. माझ्या लेखी अभिमान बाळगायला हा क्रमांक पुरेसा आहे.

आता बालमित्रांनो, तुमच्यासाठी. आकाशकंदील करून पुठ्ठा उरला असेल, तर त्याचं एक छोटं विमान कापा आणि हळूच सोडा. नाक वर करून थबकलं आणि खाली आलं, तर नाकाला कागदाची एक क्लिप लावा. नाकावर आपटलं, तर वजन कमी करा. वजनाचा मध्य योग्य जागी आला, की ते सरळ तरंगत जाईल.

प्रत्येक फेक वहीत लिहा, फसलेलीसुद्धा. आई-बाबांनी विचारलं, ‘खरंच उडालं का रे?’ तर वही दाखवा.

दिवाळीच्या शुभेच्छा!