चित्र आपले, पण भिंतीवर मांडणारा कोण?

२०२२ साली बर्लिन बिनालेत प्रभाकर कांबळे यांची 'उतरंड' उभी राहिली. एकावर एक रचलेली मडकी. आपल्याकडे उतरंड म्हटले की जातिव्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जर्मन प्रेक्षकाला मात्र शेजारच्या पाटीवरच्या चार ओळी चुकल्या, तर त्यात फक्त मडकी दिसतील. त्याच प्रदर्शनात मयूरी चारी आणि बिरेंदर यादव यांचीही कामे होती. त्याच वर्षी कासेल शहरातील डॉक्युमेंटा या जगप्रसिद्ध प्रदर्शनात अमोल पाटील होते. जात, श्रम आणि स्त्रीदेह हे विषय युरोपातल्या मोठ्या दालनांत पोहोचले, याचा आम्हालाही आनंद आहे. पण आनंदाच्या पुढे एक प्रश्न उरतो. ही कामे निवडली कोणी, कशाच्या शेजारी ठेवली आणि पाटी लिहिली कोणी?

हे काम करणाऱ्याला क्युरेटर म्हणतात. या शब्दाच्या मूळ लॅटिन धातूचा अर्थ काळजी घेणे. पूर्वी क्युरेटर म्हणजे संग्रहालयातल्या वस्तू सांभाळणारा अधिकारी. १९६९ साली हेराल्ड झेमान यांनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे एक प्रदर्शन मांडले, १९७२ साली डॉक्युमेंटाची सूत्रे हाती घेतली आणि क्युरेटर हा स्वतःचे म्हणणे मांडणारा माणूस झाला. पुढे २००२ च्या डॉक्युमेंटाची धुरा नायजेरियात जन्मलेल्या ओक्वी एन्वेझोर यांच्याकडे आली. १९५५ पासून चालत आलेल्या या प्रदर्शनाला पहिल्यांदाच युरोपबाहेरचा प्रमुख मिळाला. त्यांनी प्रदर्शनाआधीच्या चर्चा वेगवेगळ्या खंडांत घेतल्या. त्यातली एक २००१ मध्ये दिल्लीत झाली. खुर्चीवरचा माणूस बदलला आणि जगाच्या नकाशाचे केंद्रही थोडे हलले.

खुर्ची बदलली नाही तर काय होते, हे न्यूयॉर्कने १९६९ मध्येच पाहिले होते. तिथल्या मेट्रोपोलिटन म्युझियमने 'हार्लेम ऑन माय माइंड' हे प्रदर्शन भरवले. विषय कृष्णवर्णीयांची वस्ती. भिंतींवर छायाचित्रे भरपूर, पण हार्लेमच्या चित्रकारांचे एक चित्र नाही, शिल्पकारांचे एक शिल्प नाही. वस्ती हा बघण्याचा विषय. वस्तीतला कलावंत मात्र दाराबाहेर. बेनी अँड्र्यूज आणि त्यांचे सहकारी चित्रकार फलक घेऊन म्युझियमसमोर उभे राहिले. त्यांची मागणी फक्त चित्रे लावण्याची नव्हती, कृष्णवर्णीय क्युरेटर नेमण्याचीही होती. ज्या समाजाने दलित पँथरला नाव दिले, त्या समाजाची ही लढाई आपल्या तरुणांना ठाऊक असायला हवी.

मांडणीत केवढी ताकद असते, हे १९९२ मध्ये बाल्टिमोरमध्ये दिसले. फ्रेड विल्सन या कृष्णवर्णीय कलावंताने मेरिलँडच्या इतिहास संस्थेतील जुन्याच वस्तू नव्याने मांडल्या. चांदीच्या नक्षीदार भांड्यांच्या कपाटात त्यांनी गुलामांच्या पायातल्या लोखंडी बेड्या ठेवल्या. पाटीवर फक्त 'धातुकाम' आणि सालांचा उल्लेख. नवी वस्तू एकही बनवली नाही. पण ती चांदी कोणाच्या श्रमावर चमकत होती, हे सांगायला भाषणाची गरज उरली नाही.

हीच ताकद इजाही करते. 'उतरंड' असलेल्या त्याच बर्लिन बिनालेत एका फ्रेंच कलावंताने अबू गरीब तुरुंगातील छळाची छायाचित्रे मोठी करून लावली होती. हेतू अमेरिकेच्या युद्धाचा निषेध करण्याचा होता. पण चित्रांतल्या विवस्त्र, अपमानित कैद्यांची संमती कोणी घेतली होती? तीन इराकी कलावंतांनी निषेध म्हणून आपली कामे काढून घेतली. क्युरेटर कादर अत्तिया हे अल्जेरियन कुटुंबातले, वसाहतवादाचे कठोर टीकाकार. म्हणजे क्युरेटर शोषितांच्या बाजूचा असणे पुरेसे नाही. ज्यांची जखम आहे, त्यांना विचारावेही लागते.

हा प्रश्न आपल्या दाराशीही येतो. खैरलांजीनंतर मृतदेहांची छायाचित्रे फलकांवर, पुस्तिकांत फिरली. त्यांनी समाज रस्त्यावर आणला, हे खरे. पण आज एखाद्या प्रदर्शनात ती लावायची असतील तर कोणत्या आकारात, कोणाच्या परवानगीने, शेजारी काय लिहून? अत्याचारग्रस्त कुटुंबांसोबत काम करताना आम्हाला जाणवते की त्यांना न्याय हवा असतो. आपल्या माणसाची ओळख त्या शेवटच्या छायाचित्रापुरती उरावी, हे कोणालाच नको असते. पुरावा लपवू नये, पण माणसाची प्रतिष्ठाही उघड्यावर टाकू नये. ही रेषा आखणे हेच क्युरेटरचे खरे काम.

त्यासाठी आपली माणसे या क्षेत्रात हवीत. प्रभाकर कांबळे यांनी स्वतः प्रदर्शने क्युरेट केली आहेत, पण असे हात मोजकेच आहेत. आपल्या मुलांना जे.जे.मध्ये चित्रकला शिकावीशी वाटते; कलेचा इतिहास, संग्रहालयशास्त्र किंवा कलासमीक्षा हा मार्ग मात्र घरात कोणी सुचवत नाही. चित्र काढणारे आपले आणि त्यावर लिहिणारे, निवडणारे, विकणारे दुसरे, ही श्रमविभागणी आपल्या ओळखीची नाही का?

सुरुवात विहारापासून करता येईल. जयंतीला आपण बाबासाहेबांच्या जीवनाचे छायाचित्र प्रदर्शन भरवतोच. यंदा मंडळाने वस्तीतल्या दोन मुलामुलींवर ती जबाबदारी सोपवावी. प्रत्येक छायाचित्राचे साल, ठिकाण आणि त्यातल्या इतर माणसांची नावे शोधून लिहावीत. रमाईंच्या शेजारी वस्तीतल्या आजीची गोधडी ठेवून पाहावी. गावातल्या एका तरी चित्रकाराला भिंत द्यावी आणि मानधनही द्यावे.

१९२० मध्ये बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले, कारण आपले म्हणणे दुसऱ्यांच्या पत्रांतून नीट मांडले जाणार नव्हते. वर्तमानपत्राच्या पानाला जे लागू होते, ते प्रदर्शनाच्या भिंतीलाही लागू होते.