‘रक्त कमी आहे’ एवढ्यावर थांबू नका

घरातली मुलगी फिकी दिसू लागली, लवकर थकू लागली, की आपण ‘रक्त कमी आहे’ म्हणतो आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया सर्वांत जास्त आढळतो. पण गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर कारण दुसरे असू शकते.

रक्तपेशी आपल्या हाडांतील अस्थिमज्जेत तयार होतात. लोह, बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी पडले, तर कारखाना शाबूत असतो, कच्चा माल नसतो. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि १२० दिवसांऐवजी १०-२० दिवसांतच नष्ट होतात. तूट भरून काढायला अस्थिमज्जा रात्रंदिवस राबते. वाकलेल्या पेशी हाडांतील बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या, की असह्य वेदना होतात. त्या वेदनेला कुणी नाटक म्हणू नये. काही विषाणूंच्या तापात तर अस्थिमज्जेचे काम काही दिवस थांबते आणि हिमोग्लोबिन एकदम घसरते. अशा वेळी घरी वाट पाहू नये.

अप्लास्टिक ॲनिमियात मात्र कारखानाच बंद पडतो. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सही घटतात. वारंवार ताप, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग दिसले, तर लगेच सीबीसी करून घ्यावी. रक्ताच्या कर्करोगातही अशीच लक्षणे दिसू शकतात.

विदर्भात सिकलसेल आदिवासी आणि आपल्या बौद्ध समाजात ठळकपणे आढळतो. हा जातीचा किंवा पूर्वकर्माचा दोष नाही. मलेरियाच्या प्रदेशांत वाहकांना त्या आजारापासून संरक्षण मिळाले, म्हणून हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला. वाहक हा रुग्ण नसतो. पण आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते. दोष दोघांकडून येतो. बोल मात्र सुनेला लागतो. हा अन्याय थांबला पाहिजे.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे: वधू-वर परिचय मेळाव्याच्या फॉर्मवर शिक्षण आणि नोकरी विचारतो, तसा सिकलसेल तपासणीचाही रकाना असावा. वाहकांना नाकारण्यासाठी नव्हे. दोन वाहकांनी पुढचा निर्णय माहिती असताना घ्यावा, यासाठी. प्राथमिक चाचणीत संशय आला, तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने खात्री होते. या चाचणीत थॅलेसेमियाचे वाहकही कळू शकतात, आणि सिकलसेलच्या वाहकाने जोडीदाराबाबत तेही पाहणे गरजेचे आहे.

आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. केंद्राने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे. हक्क कागदावर आहेत. ते मागायला आपणच पुढे आले पाहिजे. पुढचा मेळावा ठरेल, तेव्हा त्या मंडपात तपासणीचे एक टेबलही लागू द्या.