सातबाऱ्यावरचा पोटखराबा आणि कोकणची कातळशिल्पे

१/ प्राचीन खडककला म्हटली की सहारा वाळवंटातील तासिली आठवते. हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावच्या इतिहासप्रेमी तरुणाला मात्र परदेशी जाण्याचे कारण नाही. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कोकणच्या सड्यांवर, तोलामोलाचा वारसा उघडा पडलेला आहे.

२/ सडा म्हणजे जांभ्या खडकाचे सपाट पठार. पावसाळ्यात ते हिरवे होते. उन्हाळ्यात मात्र ना झाड, ना सावली, ना पाणी. येथे गुहा नाही, भिंतही नाही. चित्र पायाखालच्या कातळातच कोरलेले असते.

३/ राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. त्याच्या देहरेषेच्या आत इतर अनेक प्राण्यांच्या आकृत्या आहेत.

४/ काही ठिकाणी चक्क गेंडा आढळतो. तासिलीच्या चित्रांतील पाणघोडा जसा हिरव्या सहाराची साक्ष देतो, तसाच हा गेंडा वेगळ्या कोकणाकडे बोट दाखवतो. या शिल्पांचा नेमका काळ अभ्यासकांत आजही वादाचा आहे.

५/ २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत नऊ स्थळे आली : रत्नागिरी जिल्ह्यातील सात, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमळ.

६/ तरीही खरा धोका एका शब्दात दडलेला आहे : पोटखराबा. सातबाऱ्यावर लागवडीस अयोग्य ठरलेली जमीन निरुपयोगी मानली जाते. मग तेथे चिरेखाण निघते, रस्ता जातो. शतकानुशतकांच्या पावसाला जे पुसता आले नाही, ते यंत्र एका दिवसात पुसते.

७/ म्हणून पर्यटकांना बंदी घालावी, असे काहींना वाटते. ते योग्य नाही. जे कोणी पाहत नाही, त्यासाठी कोणी भांडतही नाही. उक्षी गावात हत्तीच्या शिल्पाभोवती संरक्षक भिंत उभी राहिली, ती गावाने त्याचे मोल ओळखल्यामुळेच.

८/ पाहणाऱ्याने मात्र पथ्य पाळावे. कोरीव भागावर पाय ठेवू नये. छायाचित्रात रेषा उठून दिसावी म्हणून खडू वा रंग भरू नये. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती आपोआप उठते. शिवाय गावातीलच वाटाड्या घ्यावा आणि त्याचा मोबदला द्यावा. सड्यातून गावाला चार पैसे मिळू लागले, तर चिरेखाणीला नकार देणे त्याला परवडेल.