घरची म्हणायची, मग पगार कशाचा?

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आईबापांपुढे, त्यात आपली मराठी घरंही आली, एक प्रश्न येतो. मूल सांभाळायला ओ पेअर ठेवायची की नॅनी? नॅनी म्हणजे पगारावर मूल सांभाळणारी बाई. ओ पेअर म्हणजे परदेशातून 'सांस्कृतिक देवाणघेवाणी'च्या व्हिसावर आलेली 18 ते 26 वयाची मुलगी. ती त्याच घरात राहते, जेवते आणि मुलं बघते.

बहुतेक घरं हा प्रश्न हिशेबाच्या वहीत सोडवतात. पूर्ण वेळ मूल सांभाळायचं तर ओ पेअर स्वस्त पडते. ती स्वस्त का पडते, हे मात्र विचारलं जात नाही.

'ओ पेअर' या फ्रेंच शब्दांचा अर्थ 'बरोबरीच्या नात्यानं'. 1969 च्या युरोपीय करारात तिचं काम साधारणपणे दिवसाला पाच तासांहून जास्त नसावं असं म्हटलं होतं. अमेरिकी योजना 1986 साली सुरू झाली. तिच्या नियमांत आठवड्याला 45 तासांपर्यंतचं काम बसतं. देशाचं किमान वेतन 2009 साली तासाला 7.25 डॉलर झालं. त्यातून राहण्याजेवणापोटी 40 टक्के कापून ओ पेअरचा किमान साप्ताहिक मोबदला ठरला 195.75 डॉलर, म्हणजे तासाला 4.35 डॉलर. त्याला पगार म्हणत नाहीत, 'स्टायपेंड' म्हणतात. बरोबरीचं नातं उरलं ते नावापुरतं!

या मुली गप्प बसल्या नाहीत. 2014 साली काही जणींनी कोलोरॅडोत या मुली पुरवणाऱ्या एजन्सींवर दावा लावला. 2019 मध्ये एजन्सींनी 6 कोटी 55 लाख डॉलर देऊन तो मिटवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बॉस्टनच्या अपील न्यायालयानं सांगितलं की मॅसॅच्युसेट्स राज्याचे घरकामगारांचे कायदे ओ पेअरलाही लागू आहेत. म्हणजे ती कामगारच आहे.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? 'ती आमच्या घरचीच आहे,' असं आपणही म्हणतो. पण घरच्या माणसाला रजा मागावी लागत नाही, आणि खाडा झाला म्हणून त्याचे पैसे कापले जात नाहीत. महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तो कल्याणापुरता आहे. कामाचे तास आणि आठवड्याची सुट्टी त्यानं बांधून दिलेली नाही.

यात बाईविरुद्ध बाई असा सामना उभा राहतो. दोघींत घासाघीस चालते आणि बाप बाजूला पेपर वाचत बसतो. मूल दोघांचं, पण सांभाळणारीचा पगार आईच्या पगारातून वजा करून 'मग तुझी नोकरी परवडते का?' असं तिलाच विचारलं जातं. तो खर्च दोघांच्या पगारातून वजा झाला पाहिजे.

तेव्हा ओ पेअर की नॅनी याचं माझं उत्तर असं: जिला तुम्ही कामगार म्हणून पूर्ण मोबदला देऊ शकता, तिलाच ठेवा. कामाचे तास, सुट्टी, आजारपणाची रजा, जादा कामाचे पैसे हे सगळं कागदावर लिहा. माया जरूर करा, पण ती पगाराच्या बदल्यात नको. आणि ज्यांना दोन्ही परवडत नाही अशा असंख्य जणींसाठी वस्तीवस्तीत, कामाच्या जागी चांगल्या पाळणाघरांची मागणी आपण एकत्र येऊन लावून धरू या. मूल सांभाळणं ही एकेका घरानं गुपचूप निस्तरायची अडचण नाही. ती समाजाची जबाबदारी आहे.