केसपेपरवर तीन मिनिटे लिहा

प्रति,
माननीय कुलगुरू,
किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ, लखनऊ



पन्नाशीच्या बाईला ‘रोज अर्धा तास चाला’ हा सल्ला कुठल्याही दवाखान्यात मिळतो. सल्ला योग्यच, पण डबे, नोकरी, सासूबाईंची औषधे आणि लखनऊचा मे महिना सांभाळताना सलग अर्धा तास निघत नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’च्या अंदाजानुसार २०२२मध्ये भारतातील सुमारे ५७ टक्के स्त्रियांची शारीरिक हालचाल अपुरी होती, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के.

२०२४च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ने एक अभ्यास छापला. ब्रिटनमधील व्यायाम न करणाऱ्या २२ हजारांवर लोकांच्या हालचाली मनगटी यंत्राने मोजून पुढे सुमारे आठ वर्षे त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवली गेली. झपाझप जिने चढणे, जड पिशव्या उचलून भरभर चालणे अशी धाप लावणारी कामे दिवसाकाठी सरासरी ३.४ मिनिटे करणाऱ्या स्त्रियांत हृदयविकाराच्या गंभीर घटनांचा धोका ४५ टक्क्यांनी कमी आढळला, हार्ट फेल्युअरचा ६७ टक्क्यांनी. ही मिनिटेही सलग नव्हेत, तुकड्यातुकड्यांत. पुरुषांत इतका स्पष्ट फरक दिसला नाही.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, कोलेस्टेरॉल वाढते, रक्तवाहिन्या ताठर होऊ लागतात. नेमक्या याच वयात हृदयाला आणि स्नायूंना जोर लावायला लावणे मोलाचे आहे.

हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. शिवाय त्या स्त्रिया ब्रिटनमधल्या. म्हणूनच १९११पासून डॉक्टर घडवणाऱ्या आपल्या संस्थेकडे दोन मागण्या.

चाळिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीचा रक्तदाब, साखर आणि गुडघे तपासून, छातीत दुखण्याची तक्रार नाही ना हे विचारून, झेपेल तिच्या केसपेपरवर ‘दिवसातून तीन-चार वेळा, मिनिटभर, धाप लागेपर्यंत जिना’ असे स्पष्ट लिहावे. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबावे, हेही त्याच ओळीत.

आणि लखनऊच्या गृहिणी, शिक्षिका, आशा कार्यकर्त्या यांच्यावर असाच अभ्यास आपण हाती घ्यावा. उंचावरून धावणाऱ्या मेट्रोच्या बहुतेक स्थानकांना जिने आहेतच. मोजमापाची सुरुवात तिथूनही करता येईल.

कळावे,
लखनऊची एक रहिवासी