चोरीचा माल आणि गरजू गिऱ्हाईक

उल्हास नदीला पूर आला की बदलापूरच्या सखल भागात माणसांबरोबर मोटारींचेही हाल होतात. २६ जुलै २००५ ला ते झाले, जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकून पडली तेव्हा झाले आणि २०२१ च्या जुलैतही झाले. पाणी ओसरते, गाळ उपसला जातो, गाद्या उन्हात सुकवल्या जातात. परंतु इंजिनाचे नियंत्रण करणारी जी विद्युत-पेटी गॅरेजवाले 'ईसीएम' या नावाने ओळखतात, ती एकदा पाण्यात बुडाली की बहुधा पुन्हा जागी होत नाही. गाडीचा मालक कंपनीच्या कार्यशाळेत जातो, नव्या पेटीची किंमत ऐकतो आणि रात्री घरी येऊन मोबाइल उघडतो.

मोबाइलवर तीच पेटी निम्म्याहून कमी किमतीत दिसते. शेजारीच गाण्यांचा पडदेवाला संच, मागचे दाखवणारा कॅमेरा, ध्वनिवर्धक, सारे काही असते. छायाचित्र कोणाच्या तरी पलंगावरच्या चादरीवर ठेवून काढलेले, विकणाऱ्याचे नाव अर्धवट, पत्ता नाही. 'माल उत्तम, पैसे रोख, उल्हासनगर स्टेशनबाहेर भेटा,' एवढाच मजकूर. ही वस्तू परवा कोणत्या गाडीत होती, हा प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही. विचारला तर उत्तर काय येईल याची त्याला मनातून धास्ती असते, आणि उद्या सकाळी गाडी चालू व्हायला हवी असते.

हे गिऱ्हाईक कोण? ज्याच्या गाडीचा विमा सर्वसमावेशक आहे आणि ज्याची बिले कचेरी भरते, तो या बाजारात येत नाही. येथे येतो तो शाळेची मुले ने-आण करणारा व्हॅनवाला, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत माल पोचवणारा टेम्पोचालक, बदलापूरहून रोज लोकलने मुंबई गाठणारा आणि तिसऱ्या हाताची मोटार हप्त्याने घेतलेला कारकून. गाडी बंद राहिली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही. अशा माणसाने स्वस्त वस्तू शोधली म्हणून त्याच्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही.

मात्र ज्याच्या गाडीतून ही वस्तू उपसली जाते तोही बहुधा याच वर्गातला असतो, आणि या गोष्टीकडे डोळेझाक करता येणार नाही. श्रीमंताची मोटार पहारेकरी व कॅमेरे असलेल्या संकुलाच्या तळघरात उभी असते. उल्हासनगरात अनधिकृत इमारतींची संख्या एवढी झाली की त्या नियमित करण्यासाठी राज्य शासनाला २००६ मध्ये त्या शहरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या इमारती उभ्या करताना हवा-उजेडाचा हिशोब झाला नाही, तेथे मोटारींच्या जागेचा हिशोब कोण करणार? बदलापूरची वस्ती गेल्या काही दशकांत भराभर वाढली. तिच्या मानाने रस्ते रुंदावले नाहीत. परिणामी भाड्याची व्हॅन, टेम्पो आणि तिसऱ्या हाताची मोटार रात्रभर रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या काठी, बंद दिव्याच्या खांबाखाली उभी राहते. काच फोडायला आणि तारा कापायला चोराला फार वेळ लागत नाही. मारुती ईको या सर्वसामान्यांच्या व्हॅनचे सायलेन्सर त्यातील मौल्यवान धातूंसाठी चोरीला जाण्याचे प्रकार महाराष्ट्रात व गुजरातेत वारंवार उघडकीला आले. दिल्लीच्या परिसरात ईसीएम चोरणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या. चोराची नजर पोटापाण्याच्या गाडीवर आधी पडते, कारण त्याच गाडीचे सुटे भाग सर्वाधिक खपतात. म्हणजे एका टेम्पोवाल्याची नड दुसऱ्या टेम्पोवाल्याच्या नुकसानीतून भागवली जाते, आणि मधला नफा तिसराच घेऊन जातो.

येथे उल्हासनगरविषयी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण या शहराचे नाव निघताच काही मंडळी डोळे मिचकावतात. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणून सोडलेल्या सिंधी निर्वासितांनी उघड्या माळावर हे शहर वसवले. १९४९ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद महाराष्ट्राने अनेक वर्षे चघळला. नक्कल करणे हा काही आदर्श उद्योग नव्हे. परंतु त्या नकलेमागेही कारागिरी होती, यंत्रापुढे वाकलेली माणसे होती. जीन्स शिवणाऱ्या आणि फर्निचर घडवणाऱ्या हातांनी हे शहर पोसले आहे. रस्त्यावरच्या गाडीतून कापून आणलेल्या संचामागे असले कोणतेच श्रम नाहीत. या दोहोंना एकाच मापाने मोजणे हा श्रमिकांचा अपमान आहे. शिवाय मोबाइलवरच्या बाजाराला गाव नसते. स्टेशनबाहेर भेटणारा विक्रेता मुंब्र्याचा असेल, पनवेलचा असेल, किंवा दुसऱ्याच कोणाचा दहा टक्क्यांवरचा हस्तक असेल.

आता कायद्याकडे वळू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कलम ४११ चा आशय नव्या कलम ३१७ मध्ये आहे. चोरीची मालमत्ता तशी असल्याचे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, बेइमानीने घेणाऱ्यास वा बाळगणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. असा माल घेण्या-विकण्याचा सराव असलेल्यास तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. सामान्य माणूस 'मला काय माहीत?' असे म्हणून स्वतःची समजूत घालतो. पण कायद्यात 'मानण्यास कारण' हे शब्द आहेत, आणि ती कारणे वस्तूवरच लिहिलेली असतात. रीतसर काढलेल्या संचाच्या तारा जोडणीपाशी सुटलेल्या असतात, चोरलेल्याच्या कापलेल्या असतात. क्रमांकाची पट्टी खरवडलेली असते. बिल नसते, खोके नसते, सोबतची रिमोट किंवा पुस्तिका नसते, आणि किंमत अशी असते की ती ऐकताच शहाण्या माणसाने दोन पावले मागे सरावे.

गिऱ्हाईक खरोखरच निष्पाप ठरले तरी वस्तू त्याची होत नाही. वस्तुविक्री अधिनियम, १९३० चे कलम २७ सांगते की विक्रेत्याकडे जी मालकी नाही ती खरेदीदाराकडे जाऊ शकत नाही. त्याला जे अपवाद आहेत त्यांत चोर बसत नाही. चोराकडून दहा हातांनी फिरून आलेला संचही मूळ मालकाचाच राहतो. पोलिस तो जप्त करतात, खरेदीदाराला जबाब द्यायला बोलावतात, त्याचे दिवस बुडतात. त्याने दिलेले पैसे विक्रेत्याकडून परत मागण्याचा हक्क त्याला त्याच कायद्याने दिलेला आहे. फक्त तो विक्रेता तेव्हा कोठे असतो, हे कायदा सांगू शकत नाही.

तांत्रिक बाजूही अशीच निसरडी आहे. आधुनिक ईसीएम ही केवळ जोडून टाकण्याची वस्तू नव्हे. ती गाडीच्या चावीशी व चोरीरोधक यंत्रणेशी सांकेतिक क्रमांकांनी बांधलेली असते. दुसऱ्या गाडीतली पेटी आणून बसवली तर अनेकदा इंजिन चालूच होत नाही आणि सांकेतिक जुळणीसाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात. अनेक पेट्यांत मूळ गाडीचा चॅसिस क्रमांक नोंदलेला असतो. तो पुसला गेला नसेल, तर तपासणीच्या यंत्रावर दुसऱ्याच कोणाच्या गाडीचा क्रमांक उमटतो, आणि मग 'मला काय माहीत' हे सांगणे आणखी अवघड होते. काही संच वीजपुरवठा तुटताच गुप्त अंक मागतात. ते मूळ मालक किंवा कंपनी यांच्याखेरीज सहसा कोणाला ठाऊक नसतात. शिवाय सगळाच जुना माल चोरीचा असतो असे नव्हे. पुरात बुडालेल्या, विमा कंपनीने निकालात काढलेल्या गाड्यांचे भागही याच बाजारात येतात. ते चोरीचे नसतात, पण आतून गंजलेले असू शकतात.

पैसे आगाऊ पाठवण्याचा प्रकार तर निराळाच आहे. 'लष्करात आहे, बदली झाली म्हणून विकतो' असे सांगून ओळखपत्राचे छायाचित्र पाठवायचे आणि रक्कम हाती पडताच नाहीसे व्हायचे, ही लबाडी देशभर चालते. आयुधनिर्माणीमुळे अंबरनाथकरांना संरक्षण खात्याचे नाव घरचे वाटते, त्यामुळे तेथे ती अधिक सहज खपावी. अशा फसवणुकीची खबर १९३० या क्रमांकावर तत्काळ द्यावी, एवढे सांगून हा विषय येथे सोडलेला बरा.

महत्त्वाचा प्रश्न जबाबदारीच्या वाटणीचा आहे. जुने सोने मोडायला नेले की सराफ पावती मागतो. मुंबईच्या चोरबाजारातला दुकानदार कसाही असो, तो उद्याही त्याच गाळ्यात सापडतो. मीरतचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या मोडण्यासाठी कुप्रसिद्ध होता. २०२१ च्या अखेरीस पोलिसांनी तो बंद केला, कारण बंद करायला तेथे गाळे होते. मोबाइलवरील बाजाराच्या मालकाला मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ने मध्यस्थ म्हणून संरक्षण दिले आहे. ठरावीक दक्षता घेतली की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल त्याला सहसा जबाबदार धरता येत नाही. जाहिरातींचे उत्पन्न त्याचे, गिऱ्हाइकांची माहिती त्याची. पोलिस ठाण्याच्या पायऱ्या मात्र व्हॅनवाल्याच्या वाट्याला. नफा वर आणि जोखीम खाली, ही व्यवस्था कामगार चळवळीला नवी नाही.

नोंद ठेवणे अशक्य आहे असेही कोणी म्हणू नये. चोरीला गेलेला मोबाइल त्याच्या क्रमांकावरून देशभर बंद पाडण्याची सोय केंद्र शासनाने २०२३ मध्ये 'संचार साथी'द्वारे सर्वांना खुली केली. जुनी मोटार घेण्यापूर्वी ती चोरीची आहे काय हे पाहण्याची सोय राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाने केली आहे. मोटार भंगारात काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांनाही २०२१ च्या नियमांप्रमाणे चोरीच्या गाड्यांच्या यादीशी ताळा घ्यावा लागतो. म्हणजे संपूर्ण गाडीला वंशावळ आहे, खिशातल्या फोनला आहे. पण गाडीतून उपटलेल्या पेटीला व संचाला, त्यांच्यावर क्रमांक छापलेले असूनही, ती नाही. कंपन्यांजवळ हे क्रमांक असतात. चोरीस गेलेल्या भागांची यादी खुली करणे आणि जाहिरात देणाऱ्यास क्रमांक नोंदवायला लावणे, एवढे केले तरी चोरीच्या मालाची वाट पुष्कळ अरुंद होईल. यासाठी कंपन्यांची व मध्यस्थांची मर्जी सांभाळत बसण्याची गरज नाही. नियम करावा लागेल.

आणि किमतीचे काय? चोरीच्या मालाला गिऱ्हाईक मिळते ते नव्या मालाची किंमत परवडत नाही म्हणून. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. मूळ सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने मिळू न देता या कंपन्यांनी गिऱ्हाइकाला आपल्या दावणीला बांधून ठेवले, असा त्या निर्णयाचा आशय होता. दंडाचे प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०२२ मध्ये केंद्राने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारीही घेतल्या, वर्षअखेरीस संकेतस्थळ उघडले. तथापि अंबरनाथच्या रस्त्यावरचा मिस्त्री अजूनही संपूर्ण पेटी बदलण्याचाच सल्ला देतो. आतला एक लहानसा भाग बदलून ती दुरुस्त करण्याचे ज्ञान, साधने आणि सुटे भाग त्याच्यापर्यंत पोचलेलेच नाहीत.

यावर कोणी म्हणेल, कंपन्याच लुटतात, तर गरिबाने स्वस्तात घेतले म्हणून काय बिघडले? हा युक्तिवाद कार्यकर्त्यांच्या बैठकीतही कधीमधी ऐकू येतो आणि त्यात वरवर क्रांतीचा वास असतो. पण चोरी कंपनीच्या गुदामात होत नाही. ती शेजारच्या आळीत, ज्याची व्हॅन दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत नेणार होती, त्याच्या दारात होते. उलट चोरी झालेल्या माणसाला अखेर नवी पेटी कंपनीकडूनच घ्यावी लागते, म्हणजे कंपनीचा खप वाढतोच.

तिन्ही शहरांतील कार्यकर्त्यांना यात करण्यासारखे बरेच आहे, आणि ते फार थोरही नाही. रिक्षा, टेम्पो व शालेय वाहनचालकांच्या संघटनांनी रात्रीच्या सामायिक वाहनतळाची व रस्त्यांवरील दिव्यांची मागणी उल्हासनगर महापालिकेकडे आणि अंबरनाथ व बदलापूरच्या नगरपरिषदांकडे लावून धरावी. गॅरेजवाल्यांनी जुना भाग घेताना विकणाऱ्याचे ओळखपत्र आणि भागाचा क्रमांक एका वहीत उतरवून घ्यावा; वही दिसली की चोर त्या दुकानाची पायरी चढायला कचरतो. स्टिरिओ गेला तर पुष्कळ जण तक्रारच करीत नाहीत, किंवा ठाण्यात अर्जावर बोळवण होऊन परततात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे खबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येते आणि तीन दिवसांत जाऊन सही केली की ती नोंदली गेली पाहिजे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तिन्ही शहरे ठाणे पोलिस आयुक्तालयाच्या एकाच परिमंडळात, परिमंडळ ४ मध्ये येतात. तेव्हा गेलेल्या वस्तूंच्या क्रमांकांची एक यादी तेथे ठेवा, ही मागणी अवास्तव नाही. मात्र त्या यादीत लिहायला क्रमांक हाती हवा. संच बसवल्यावर त्याची मागची बाजू दिसत नाही; म्हणून तो बसवण्यापूर्वीच पट्टीवरचे आकडे गाडीच्या कागदपत्रांच्या प्रतीवर उतरवून ती प्रत गाडीत नव्हे, घरी ठेवावी.